बेझिल हे वायंगणाचं पीक

चवथीचे गणपती विसर्जन झाले, पावसाचा जोर ओसरला, की आम्ही बेझिलच्या, म्हणजे तुळशीच्या कुळातल्या पण स्वयंपाकातल्या झाडाच्या, बियांची पुडी काढतो. त्याआधी नाही. जूनच्या पहिल्या सरींबरोबर सगळंच रुजतं म्हणून बेझिलही तेव्हा पेरलं, तर ते रुजतं, चार पानांवर येतं आणि जुलैत कुजून जातं. इथल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बेझिल सरदाचं (पावसाळी) नाही, वायंगणाचं (पावसानंतरचं) पीक आहे. सरदाचं भात कापून झालं की शेतात मिरची, अळसांदे, तांबडी भाजी येते. बेझिलची जागा त्या पंगतीत. एवढं एक पक्कं धरलं की गोव्यात हे झाड लावणं कोथिंबिरीपेक्षा सोपं आहे.

कारण सरळ आहे. पणजीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बेझिलला दिवसाला किमान सहा तास ऊन लागतं. जुलैत सलग आठवडाभर ऊन दिसत नाही. मुळांशी पाणी साचतं, पान दिवसभर ओलं राहतं, आणि ओल्या पानावर केवडा नावाचा रोग येतो. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री वीस-बावीस अंश, दिवसा तीस-बत्तीस अंश आणि कोरडी हवा, म्हणजे या झाडाला जे हवं तेच.

आधी बी कोणतं, हे पाहू. तुळस आणि बेझिल एकाच कुळातली. अंगणातल्या वृंदावनातली ती ऑसिमम टेन्यूफ्लोरम आणि स्वयंपाकातलं बेझिल ते ऑसिमम बॅसिलिकम. पण बेझिल आपल्याकडे नवं नाही. फालुद्यात पडणारा सब्जा म्हणजे याच बॅसिलिकमचं बी. किराणा दुकानातला सब्जा पेरला तर रुजतो. पाने लहान येतात, वास जास्त उग्र, आणि फुलायची घाई फार. पेस्टोला, म्हणजे बेझिलच्या इटालियन चटणीला, तो चालत नाही, पण सरावाला उत्तम आणि दहा-वीस रुपयांत पुरे. पेरण्याआधी ओल्या टिश्यू कागदावर वीस बिया ठेवून बघायच्या, पाच दिवसांत बारा-पंधरांना मोड आले तर बी जिवंत आहे. उलटा व्यवहार मात्र करू नये. पेरणीच्या पाकिटातलं बी अनेकदा बुरशीनाशक लावून गुलाबी किंवा हिरवं केलेलं असतं, ते सरबतात घालायचं नाही.

पेस्टोसाठी हवं ते जिनोव्हीज. इटलीच्या लिगुरिया भागातल्या या बेझिलला युरोपीय संघाची डीओपी (मूळस्थान-संरक्षणाची) नोंदणी २००५ साली मिळाली. तिथे ते कोवळं असतानाच उपटतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्या उन्हात जून पानाला लवंगेसारखा आणि पुदिन्यासारखा तिखट वास चढतो. दुसरं थाई बेझिल: जांभळट देठ, निमुळती पाने, बडीशेपेचा वास. गोव्याच्या हवेत हेच सगळ्यांत चिवट. जांभळ्या पानांच्या जाती दिसायला देखण्या, पण आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात त्या रंगही सोडतात आणि जीवही. आणि एक घोळ आधीच मिटवलेला बरा. लसूण-मिरचीवर खिमा परतून करतात त्या थाई पदार्थातलं 'क्रपाव' म्हणजे चक्क तुळस आहे, थाई बेझिल नव्हे. पुष्कळ घरांत तुळशीत लसूण घालायला हात धजत नाही, रविवारी आणि द्वादशीला तर ती तोडतही नाहीत. बेझिलला असला कोणताच नियम नाही, तरी घरातली थोरली माणसं त्याचा शेंडा मोडताना बघून जरा कळवळतातच.

पेरणी २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान. एका ग्रॅममध्ये सहाशेच्या आसपास बिया असतात, म्हणजे घरासाठी पाकिटातली चिमूटभर पुरते. एकदम सगळ्या पेरू नयेत. पहिला हप्ता सप्टेंबरअखेर, दुसरा डिसेंबरच्या सुरुवातीला, तिसरा फेब्रुवारीत. कोणतंही झाड तीन-साडेतीन महिन्यांनंतर लाकूड होतं, त्यामुळे पुढची तुकडी तयार असावी लागते.

पेरायला प्रोट्रे (रोपांसाठीचा खणांचा ट्रे) नाहीतर तळाला भोक पाडलेले कागदी चहाचे कप. त्यात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर आठ-नऊ लिटर होते. ती तीन वेळा साध्या पाण्यात धुवून पिळून घ्यायची, कारण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांच्या भुशात मीठ राहतं आणि रोपांची टोकं जळतात. घरच्याच नारळाची सोडणं कुटून वापरणार असलात तर पावसात चार महिने उघड्यावर पडू द्या, आपोआप धुऊन निघतात.

प्रत्येक खणात दोन बिया, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर मिश्रण. बी आधी भिजवायचं नाही. भिजलं की त्याभोवती निळसर करडा गर जमतो, बोटाला चिकटतं, आणि एका खणात सात-आठ बिया जातात. पाणी फवाऱ्याने. मुंग्या बिया उचलून नेतात. पाण्याच्या परातीत वाट्या पालथ्या घालून त्यांवर ट्रे ठेवला की प्रश्न सुटतो. आपल्याकडे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मोड येतात. आठव्या दिवसापर्यंत काहीच दिसलं नाही तर बी जुनं होतं किंवा खोल गेलं, वाट बघण्यात अर्थ नाही.

मोड दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात. बलकावात (पुढच्या ओसरीत) किंवा खिडकीत 'जरा मोठी होऊ देत' म्हणून ठेवलेली रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि एका सकाळी जमिनीलगत काळी पडून आडवी झालेली दिसतात. हे कोलमडणं मातीतल्या बुरशीमुळे होतं. त्यावर औषध शोधत बसण्यापेक्षा संध्याकाळचं पाणी बंद करा, ट्रेखालून हवा जाऊ द्या आणि प्रत्येक खणात एकच रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

वीस-पंचवीस दिवसांत खरी पानं दोन जोड्या होतात, मग कुंडीत. बारा इंची कुंडीत तीन रोपं, ग्रो बॅगेत तेवढीच, जमिनीत एका फुटाच्या अंतराने. गर्दी केली तर मधली हवा खेळत नाही.

माती हा गोव्यातला दुसरा खरा मुद्दा. आपली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, ओली असताना चिकट आणि वाळल्यावर विटेसारखी. बेझिलला सामू साडेसहा ते सातच्या आसपास हवा. आम्ही दोन भाग तांबडी माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू घेतो. वाळू नदीची, समुद्राची नाही. दहा लिटर मिश्रणाला दोन लहान चमचे डोलोमाइट चुना आणि मूठभर निंबोळी पेंड. चुना नसेल तर चुलीतली लाकडाची राख एक मूठ. दोन्ही एकदम घालू नये, आणि राख मुठीवर गेली की लोह मिळेनासं होऊन कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अंड्याची टरफलं सगळेच घालतात. घालायला हरकत नाही, पण ती विरघळायला इतका वेळ घेतात की झाडाचं आयुष्य संपतं.

कुंडीच्या तळाला खापरीचे तुकडे घालण्यापेक्षा भोकं नीट मोकळी आहेत ना, ते पाहा. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली की पाणी निघून जातं आणि खालून गोगलगायही चटकन चढत नाही.

पाणी सकाळी, मातीवर. नोव्हेंबर ते जानेवारी एक दिवसाआड, बारा इंची कुंडीला लिटरभर; मार्चपासून रोज, दीड लिटरपर्यंत. बोट दोन पेरं खुपसून ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. दुपारी झाड मान टाकतं ते तहानेने असेलच असं नाही. पाच वाजता ते आपोआप उभं राहिलं तर फक्त उन्हाचा ताप होता. सकाळीही मान खाली असेल तरच काळजी. खाजनाच्या किंवा खाडीच्या कडेला विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत दिसू लागल्या की नळाचं पाणी द्यावं आणि एकदा कुंडी भरपूर पाण्याने निथळून काढावी.

खत बेताने. पंधरवड्याला मूठभर गांडूळखत, नाहीतर शेणाची स्लरी एकास दहा पाणी घालून. युरियाची चिमूट टाकली की पानं पळसाएवढी होतात आणि वास मात्र पाण्यासारखा. मासे धुतलेलं पाणी माडाला आणि कढीलिंबाला घालतात तसं कुंडीतल्या बेझिलला घालू नका. मुंग्या, माश्या आणि शेजारचं मांजर, तिघंही हजर होतात.

आता शेंडा खुडणं. बेझिल मिळणं न मिळणं इथेच ठरतं. बहुतेक घरांतलं झाड एकाच काठीसारखं फूटभर वाढतं, वर मंजिरी धरतं आणि खालची पानं गाळतं. कारण लोक जीव लावून खालची मोठी पानं एकेक तोडतात आणि शेंड्याला हात लावत नाहीत. करायचं नेमकं उलट. बेझिलची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा झोपलेला असतो. शेंडा आहे तोवर तो उठत नाही. रोप वीतभर झालं, चार जोड्या दिसल्या, की खालून दुसऱ्या जोडीच्या वर अर्धा सेंटिमीटरवर नखाने किंवा कात्रीने कापायचं. निम्मं रोप हातात येतं, जरा धसका बसतो, पण दहा-बारा दिवसांत त्या दोन बेचक्यांतून दोन फांद्या येतात. त्या फांद्यांवर दोन-तीन जोड्या झाल्या की प्रत्येक फांदी पुन्हा पहिल्या जोडीवर खुडायची. दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीन खुडण्यांत झाड टोपलीसारखं गोल होतं. या पहिल्या खुडण्या सोडल्या तर पुढे कोणत्याही काढणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला घेऊ नये, आणि कापताना खाली निदान एक पानांची जोडी राहिलीच पाहिजे. पान नसलेल्या लाकडी दांड्यावर कापलं तर तो दांडा बहुतेक वेळा वाळतोच.

गेल्या हंगामातला हिशेब असा. पेरणी २८ सप्टेंबर, मोड २ ऑक्टोबर, कुंडीत २३ ऑक्टोबर, पहिला शेंडा ६ नोव्हेंबर. तेव्हा एका रोपाचे सात-आठ ग्रॅम मिळाले. १० डिसेंबरनंतर दर अठरा-वीस दिवसांनी एका झाडामागे चाळीस ते पन्नास ग्रॅम. म्हणजे दोन कुंड्या, सहा झाडं असली की चौघांच्या घराला पुरून शेजारी द्यायला उरतं. एका झाडावर पेस्टोची आस धरू नये.

मंजिरीचं काय? टोकाची पानं लहान होऊन दाट चौकोनी गुच्छ दिसला की समजायचं फूल येतंय. त्याच्या खाली दोन जोड्यांवर छाटायचं. नुसती मंजिरी चिमटून उपयोग नाही, बाजूच्या डोळ्यांतून आठवड्यात दुसरी येते. फुललं म्हणजे पान विषारी होत नाही, पण लहान, जाड आणि कडवट होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मार्चनंतर मंजिरी लवकर येते. तेव्हा दर चार दिवसांनी झाडावरून नजर फिरवावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर पस्तीस टक्क्यांची शेडनेट किंवा आंब्याच्या झाडाची विरळ सावली दिली तर पान पुन्हा मऊ राहतं. पन्नास टक्क्यांची जाळी जास्त होते, फांद्या लांबतात.

रोगकिडींत सर्वांत आधी नाव घ्यावं ते तुळशीवरच्या जाळीदार पंखांच्या ढेकण्याचं. तीन मिलिमीटरचा करडा कीटक, पंख जाळीच्या पडद्यासारखे, पानाच्या खालच्या बाजूला थव्याने बसतो. पान वरून फिकट ठिपक्यांचं होतं, आकसतं आणि खाली काळे चिकट थेंब दिसतात. ती त्याची विष्ठा. तुळशीवरून तो बेझिलवर येतो आणि बेझिलवरून तुळशीवर जातो, म्हणून अंगणात वृंदावन असेल तर बेझिलच्या कुंड्या परसात ठेवलेल्या बऱ्या. तपासताना दोन्हींची पानं उलटून पाहायची. पहिल्याच आठवड्यात दिसला तर ग्रासलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवणं आणि उरलेल्या झाडाच्या पानांखाली जोराच्या पाण्याची धार मारणं पुरतं. दोन दिवसांनी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. थव्याने झाला असेल तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली सौम्य द्रव साबण, संध्याकाळी, खालच्या बाजूने. पण हे तेल मारलेलं पान आठवडाभर तोंडात घालवत नाही. म्हणून आम्ही आधी काढणी करतो, मग फवारतो.

पिठ्या ढेकूण मार्चनंतर बेचक्यांत कापसासारखा दिसतो; मुंग्यांची रांग झाडावर चढत असेल तर त्यालाच शोधायचं. जुन्या टूथब्रशने घासून काढावा. पान गुंडाळून आत राहणारी हिरवी अळी हाताने वेचता येते, तिच्यासाठी फवारणी म्हणजे उगाच कष्ट. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईला रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन गाठायचं, दिवसा ती सापडत नाही. राखेचं कडं तिला अडवतं म्हणतात. कोरडं असेपर्यंत अडवतंही, पण ती येते तीच मुळी पावसात.

दोन रोग ओळखता आले पाहिजेत. केवड्यात पान शिरांच्या मधल्या चौकटींत पिवळं पडतं, लोकांना वाटतं खत कमी झालं, आणि ते खत घालतात. पान उलटून पाहिलं की करडी-जांभळट लव दिसते. ती दिसली की ते झाड कापून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. दुसरा मर रोग: झाड एका बाजूने सुकतं, खोड वाकडं होतं, कापून पाहिलं तर आत तपकिरी रेघ असते. त्यावर इलाज नाही. त्या कुंडीतली माती पुन्हा बेझिलला किंवा तुळशीला वापरायची नाही. माडाच्या बुंध्याशी टाकून मोकळं व्हावं.

काढणी सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. काढलेलं बेझिल फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. दहा-बारा अंशांखाली पानाच्या पेशी फुटतात आणि दुसऱ्या दिवशी काळे डाग पडतात. विकतची जुडी काळवंडते तीही बहुधा याच थंडीने. देठांची टोकं तिरकी कापून पेल्यात दोन बोटं पाण्यात उभं करायचं, वर सैल पिशवी, ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात. पाणी रोज बदलायचं. डिसेंबरात आठवडा, मेमध्ये चार दिवस टिकतं. धुवायचं ते वापरायच्या वेळीच.

वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या दमट हवेत पान वाळण्याआधी काळं पडतं, आणि वाळलेल्यात गवताचाच वास उरतो.

पेस्टोत पाइनच्या बियांऐवजी काजू, हे गोव्यात सांगायची गरज नाही. प्रमाण मात्र बदलावं लागतं, कारण काजू गोड आणि पिठाळ. देठ काढलेली साठ ग्रॅम पानं, म्हणजे तीन दाबून भरलेल्या मुठी. तीस ग्रॅम काजूगर, पाकळी किंवा तुकडा चालतो, अख्खे पांढरे गर इथे घालणं ही उधळपट्टी. लसणीच्या दोन लहान पाकळ्या, गावठी असेल तर एकच. चाळीस ग्रॅम किसलेलं पार्मेझान. ऐंशी ते शंभर मिली ऑलिव्ह तेल. अर्धा चमचा जाड मीठ. काजू मंद आचेवर पाच मिनिटं भाजून पूर्ण गार करायचे. पानं धुऊन पंच्यावर कोरडी करायची. ओलसर राहिली तर पेस्टो पाणी सोडतो. आधी लसूण आणि मीठ, मग काजू, मग पानं, मग चीज, शेवटी तेलाची धार. खलबत्त्यात वीस मिनिटं लागतात आणि वासात फरक कळतो. मिक्सरमध्ये करायचं तर भांडं आणि तेल अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं, आणि दोन-दोन सेकंद थांबत फिरवावं. पातं तापलं की पान काळपट होतं. चारशे ग्रॅम पास्त्याला, म्हणजे चौघांना, हे पुरतं. पास्त्याचं दोन डाव पाणी घालून सैल करायचं, गॅसवर गरम करायचं नाही. लिंबू आवडत असेल तर ताटात पिळा, आधी घातलं तर हिरवा रंग मळकट होतो. तेल महाग पडतं म्हणून खोबरेल वापरून पाहू नका: बेझिल हरतं, आणि फ्रिजमध्ये गोळा होतो. घाण्याचं शेंगदाणा तेल निम्मं मिसळलं तर चालून जातं.

साठवायचं तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं, दोन-तीन महिने टिकतं. हिरवा रंग राखायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात पाच सेकंद आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. थोडा वास जातो, रंग राहतो. पावसात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा पूर्ण वितळलेले खडे पुन्हा गोठवायचे नाहीत. आणि बाटलीत तेल, त्यात कच्ची लसूण आणि बेझिलची पानं घालून शोभेला खिडकीत ठेवतात, ते मुळीच करू नये. हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांच्या विषाला वासही नसतो, चवही नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फेकावं.

रोजच्या वापराला एवढं पुष्कळ आहे: पोदेराकडची (पाववाल्याकडची) कालची पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आडवी कापून तव्यावर खरपूस भाजा, लसणीची पाकळी वर घासा, टोमॅटो, मीठ, तेल आणि हाताने फाडलेलं बेझिल. सुरीने बारीक चिरलं तर कडा लगेच काळ्या पडतात. सुंगटांना (कोळंबीला) इटालियन बेझिल बरं, अगदी शेवटी, गॅस बंद करून. थाई बेझिल आच सोसतं. तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, ते विशेष खुलतं: तेलात लसूण आणि हिरवी मिरची, त्यावर धुतलेल्या तिसऱ्या, झाकण, शिंपले उघडले की दोन मुठी पानं आणि लगेच उतरवायचं. नारळाच्या दाट रसात, चिंच-कोकम न घालता, थाई पद्धतीची कढीही होते. हुमणात (माशांच्या नारळ घातलेल्या कालवणात) मात्र बेझिल घालू नये. तिरफळासमोर ते बिचारं काय करणार?

मार्चअखेर एक-दोन झाडं मुद्दाम फुलू द्यावीत. मधमाश्या दिवसभर असतात. मंजिऱ्या तपकिरी झाल्या, हलवल्यावर खुळखुळल्या, की कापून कागदी पिशवीत आठवडाभर उलट्या टांगायच्या, तळव्यांत चोळायच्या, सुपात पाखडायच्या. हाच घरचा सब्जा: एक लहान चमचा कपभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून कोकम सरबतात. कोरडा देऊ नये, घशात फुगून अडकतो. हे बी पेरायलाही चालतं, पण शेजारी सब्जा किंवा थाई बेझिल फुललेलं असेल तर माश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी जिनोव्हीज तसं येत नाही. तुळशीशी सहसा संकर होत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात न फुललेल्या कोवळ्या फांद्या, चार-चार इंचांच्या, पेऱ्याखाली कापायच्या, खालची पानं काढायची आणि काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवायच्या. सात ते दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. अंगणातली जुनी झाडं पावसाच्या हवाली करायची. त्यांना वाचवण्यात जून वाया जातो. फांद्या सहा इंची कुंड्यांत लावून पागोळ्यांपासून चार फूट आत, वाऱ्याच्या बाजूला विणलेल्या झावळांचा आडोसा करून ठेवायच्या. आठवड्याला जेमतेम एकदा पाणी. घरात ठेवणार असाल तर वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब झाडापासून फूटभर वर, दिवसाला चौदा तास, आणि जवळ पंखा मंद. थाई बहुतेक सगळी तगतात. जिनोव्हीजच्या सहांतल्या दोन राहिल्या तरी खूप झालं, तीच सप्टेंबरात पुन्हा छाटून पहिली पानं देतात, नव्या पेरणीची रोपं ट्रेमध्ये असतानाच.